भेवाचा अटॅक

पार्वताबाईंनी सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला आणि स्वतः कमरेत वाकून अंगण झाडायला लागल्या.

"ठेव ते. अटॅकवालीनं वाकू नाई, मास्तर म्हने काल."

"राहू द्या ना. इतकुसं तं आंगन आहे," रत्नमाला म्हणाली.

"इतकुसं आहे तं मंग मले झाडू दे."

रत्नमाला रिकाम्या हातांनी उभी राहिली. एकवीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन एकोडीला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी या घरातला झाडू तिच्याकडे आला होता. त्यानंतर तो कोणी मागितला नव्हता. शेजारच्या रुखमिणीने कुडावरून हे दृश्य पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन बहुतेक आपल्या घरात तेच सांगितलं.

दुखण्यांनाही मानपान असतो. मान आखडली तर कोणी विचारत नाही. ॲसिडिटीला तर लोक दुखणंच म्हणत नाहीत. साखर आणि बीपी यांना बसायला खुर्ची मिळते. पण अटॅकला मात्र वेशीपासून वाजतगाजत आणतात. रत्नमालाच्या घरी तो गेल्या गुरुवारी आला आणि तेव्हापासून घराची रीतच बदलली. तिला खाटेवर चहा मिळू लागला. नवरा तिच्याशी हळू आवाजात बोलू लागला. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला जाऊ लागला, आणि तो ठेवणारी ती नव्हती.

फक्त एकच अडचण होती. तिला तो अटॅक आलेलाच नव्हता.

रत्नमाला अंगणवाडी सेविका. गुरुवारी साकोलीला सगळ्या सेविकांची बैठक होती. भिंतीवरच्या पडद्यावर केंद्रांची यादी आणि तिच्यापुढे हिरवे, पिवळे, लाल रकाने. पोषण आहाराचं पाकीट न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा आता फोनला दाखवावा लागे, आणि फोनने तो ओळखला तरच वाटप झालं असं धरत. आधार कार्डावरची सतरा वर्षांची पोरगी आणि समोर उभी असलेली दोन लेकरांची आई एकच आहे, हे रत्नमालाला ठाऊक असे, फोनला नसे. रेंज यायची फक्त विहाराच्या ओट्यावर. तिथे भर उन्हात बायकांना उभं करून "डोळे मिचकाव, पुन्हा मिचकाव" म्हणताना तिचे दिवस जात. एक बाई तर म्हणाली होती, "बाई, पाकीट तुमीच ठेवा, माहे डोये राहू द्या मले." सगळ्याजणी हसल्या होत्या. रत्नमालाही हसली होती. घरी येऊन तिने मानेला बाम चोळला होता.

त्या दिवशी पडद्यावर तिच्या केंद्राचा रकाना लाल होता. बैठक घेणाऱ्या मॅडम तिला काही बोलल्याही नाहीत. बोलणी बसली ती पुढच्या नावाला. आणि ते पुढचं नाव उभं राहून खाली मान घालून ऐकत असताना रत्नमालाच्या छातीवर कोणीतरी धानाचं भरलेलं पोतं आणून टाकलं. श्वास आत जाईना. हातांना मुंग्या आल्या, बोटं आपोआप आत वळली, ओठ बधिर झाले. आपण आता मरणार याबद्दल तिला तिळमात्र शंका राहिली नाही. आणि अशा वेळी माणसाला काय आठवावं, तर फ्रिजमधलं दही बाहेर राहिलं का, एवढंच तिच्या मनात आलं.

बायकांनी तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे छातीला वायरी लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, दोन-तीन तास झोपवून ठेवलं आणि पुन्हा पट्टी काढली. डॉक्टरीण वयाने लहान होती, रत्नमालाच्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. तिने कागद बाजूला ठेवले आणि खाटेच्या कडेवर बसून साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? मध्येच जाग येते का, किती वाजता? सकाळी उठल्यावर जबडा दुखतो का? केस गळतात का? पाळी? पोट? मान?

रत्नमाला एकेक सांगत गेली. रोज तीनच्या सुमाराला जाग येते. दात झोपेतच आवळले जातात. मानेला बाम आहे, पोटाला गोळी आहे, केसांना जास्वंदीचं तेल आहे, डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर बदलून झाला आहे. दोन वर्षांपासून ती प्रत्येक दुखण्याला त्याचं त्याचं औषध देत होती. ही सगळी एकाच घरची माणसं असतील हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"थायरॉईड तेवढा एकदा तपासून घेऊ," डॉक्टरीण म्हणाली. "पण ताई, तुमचं हृदय चांगलं आहे. फार दिवस ताण सोसला की शरीर असं करतं. धोका नसतानाही घंटा वाजवतं. खोटं नाही हे, नाटक तर अजिबात नाही. पंधरा-वीस मिनिटांत उतरतं, जीव जात नाही. पुन्हा आलं तर श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. हा हार्टचा नाही, याला म्हणतात पॅनिक अटॅक."

नेमका याच वेळी प्रफुल्ल दारात पोचला. तो साकोली–एकोडी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. बायको दवाखान्यात आहे असा फोन आल्यावर भरलेली जीप माणसांसकट स्टँडवर सोडून तो धावत आला होता. धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानात वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा पडला. त्याने दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसला. डॉक्टरीण त्याला काही सांगणार, इतक्यात तिला बाळंतपणासाठी बोलावणं आलं. "पुढच्या आठवड्यात दोघंही या, बोलू," एवढं म्हणून ती पळाली.

परतीच्या वाटेवर प्रफुल्लने पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याला उठवून मागे बसवलं आणि रत्नमालाला आपल्या शेजारी घेतलं. जीप एवढी हळू त्याने आयुष्यात कधी चालवली नव्हती. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसाला त्याने रडवेल्या आवाजात सांगितलं, "बायकोले अटॅक आला." रत्नमाला सांगू, सांगू म्हणत राहिली. पण माणसांपुढे नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? घरी जाऊन सांगू, असं तिने ठरवलं. आणि घरी पोचली तर सासू पाय धुवायला गरम पाणी घेऊन उभी. तोंडातलं तोंडातच राहिलं.

शिवाय तिला आणखी एक गोष्ट कळत होती. हार्ट म्हटलं की माणसं खुर्ची देतात. भेव म्हटलं की हसतात.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. निवृत्त शिक्षक वासुदेवराव सगळ्यात आधी आले. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि गावात इतके दिवस ते एकटेच तसे होते. त्यांना सोबत मिळाल्याचा आनंद लपत नव्हता.

"आता आपल्याले तेल बंद," ते म्हणाले. "लोनचं बंद. जिना बंद."

"आपल्या घरी जिना कुठं आहे, मास्तर?"

"तरी बंद. बरं, डाव्या हाताले गेल्ती का कळ?"

रत्नमाला खरं तेच बोलली. "दोन्ही हाताले मुंग्या आल्त्या."

"दोन्ही?" वासुदेवरावांनी चष्मा काढला. "म्हनजे मोठाच होता बाप्पा."

शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून खुशबू आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वस्तीतली पहिली नर्स होणार म्हणून विहारात तिचा सत्कार झाला होता. तिने आल्या आल्या बॅग टाकली, आईच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे पाहिलं, दवाखान्याचे कागद वाचले, नीट घडी करून फळीवर ठेवले आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून स्वयंपाकाला लागली.

"काय म्हनते कागद?" पार्वताबाईंनी विचारलं.

"आराम पाहिजे म्हणते," खुशबू म्हणाली.

आणि रत्नमालाने आराम केला. पहिले दोन दिवस ती खाटेवर चोरासारखी पडून राहिली. भांड्याचा आवाज आला की उठून बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला तो थेट दिवेलागणीला उघडला. अंगणवाडीचा फोन रुखमिणीकडे होता, ती मदतनीस होती. तो वाजला की आता रुखमिणीला विहाराच्या ओट्यावर धावावं लागत असेल, असं वाटून रत्नमालाला वाईट वाटे आणि ती कूस बदलून पुन्हा झोपे. आठवडाभरात जबडा सैल झाला. पंधरा दिवसांनी ती पहाटे तीनला जागी झालीच नाही. सुख म्हणतात ते हेच असावं, आणि ते असं लबाडीने मिळालेलं, म्हणून तिला ते पुरतं गिळताही येत नव्हतं. दवाखान्यात पुन्हा जायचं होतं, तेही ती आज-उद्या करत राहिली. तिथे गेलं की प्रफुल्लच्या कानावर खरं पडलं असतं.

घर चालवत होती खुशबू. पहाटे पाचला उठायची. पाणी, सडा, भात, भाजी, आजीची गोळी, बाबांचा डबा. कुठे तक्रार नाही, चिडणं नाही. फोन तर तिने बंदच करून ठेवला होता. पार्वताबाई येईल त्याला सांगत, "पोट्टी पाहा, नर्स हाय पर हात राबनाऱ्या बाईचा हाय." रत्नमाला खाटेवरून लेकीची पाठ बघत राहायची. भाकरीचा चटका लागून बोटावर फोड आली होती. पोरीला शिकायला पाठवली आणि अखेर आपल्याच चुलीपाशी आणून बसवली, हे तिला टोचायचं. तरी तोंडाने ती म्हणायची, "आज भात चांगला झाला."

कॉलेजचा फोन शेवटी प्रफुल्लच्या नंबरवर आला. मुलीची हजेरी कमी पडते आहे, परीक्षेला बसता येणार नाही. प्रफुल्लने जेवता जेवता ते सांगितलं आणि पुढे म्हणाला,

"मी म्हटलं, यंदाचं राहू द्या. आईपेक्षा शिक्षन मोठं आहे काय?"

"बरं केलं," पार्वताबाई म्हणाल्या. "आन दिघोरीवाले बी विचारून राहिले. पोरगा तलाठी हाय. पोरगी घरी आहेच तं पाहून घेऊ."

रत्नमालाने खुशबूकडे पाहिलं. पोरगी रडेल, भांडेल, ताट सारेल असं तिला वाटलं. खुशबूने बाबांच्या ताटात वरण वाढलं आणि शांतपणे विचारलं, "आणखी पाहिजे?"

त्या शांतपणाने रत्नमालाच्या काळजाचं पाणी झालं. आपल्या पंधरा दिवसांच्या झोपेची किंमत ही पोर भरते आहे, आणि हूं का चूं करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्ल जीप धूत होता. रत्नमाला त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मले काही झालं नाही," ती म्हणाली.

"अं?"

"हार्ट चांगलं आहे माझं. डॉक्टरीणबाईनं तेव्हाच सांगतलं होतं."

प्रफुल्लच्या हातातली बादली तशीच राहिली. "मंग अटॅक?"

"तो दुसरा असते. भेवाचा."

"कायचं भेव?"

"कायचंच नाही," ती म्हणाली. "तेच तं."

तो बराच वेळ चाकावर पाणी टाकत राहिला. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"साऱ्या रस्त्याले सांगून बसलो मी," तो शेवटी म्हणाला. "मास्तरले पंधरा दिवस विचारून राहिलो का काय खाऊ घालू."

"मालूम आहे."

"म्हनजे मरत नाही ना तू?"

"नाही."

प्रफुल्लने हातातल्या ओल्या फडक्यानेच तोंड पुसलं. जीपचा चिखल त्याच्या कपाळाला लागला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पयलेच सांगाचं ना मंग." आवाजात सुटका होती आणि तिच्या मागोमाग थोडा रागही होता. रत्नमालाला दोन्ही ऐकू आले. दोन्ही तिला मान्य होते.

त्यानंतर घर आपल्या जुन्या रीतीवर यायला दोन दिवसही लागले नाहीत. पार्वताबाईंना कंबर आठवली. "आमच्या वक्ती भ्यावाले टाइम नोयता बाई," असं त्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या आणि झाडू कोपऱ्यात ठेवून दिला. प्रफुल्लने खाटेवरून आवाज दिला, "अवं, चहा ठेव." उशाशी तांब्या राहिला नाही. कोणी तिला वाईट बोललं नाही. तिचं काही चुकलं असंही कोणी म्हटलं नाही. तिला काही झालेलंच नव्हतं, त्यामुळे बोलण्यासारखंही काही उरलं नव्हतं. मान मात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा आखडली.

पण खुशबूचं जायचं ठरलं. सोमवारी सकाळी बाबांच्या जीपने साकोली, तिथून नागपूरची बस. रत्नमालाने प्राचार्यांना स्वतः फोन करून हातापाया पडून परवानगी मिळवली होती. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती सगळं सोसायला तयार होती. सोमवारी तिने पहाटे उठून मुरमुऱ्याचा चिवडा केला, डब्यात भरला आणि तो घेऊन आतल्या खोलीत गेली.

खुशबू जमिनीवर बसली होती. बॅग उघडी होती आणि पांढरा एप्रन अर्धा घडी केलेला मांडीवर पडला होता. ती एप्रनकडे बघत होती. तोंड उघडं, नाकाखाली घामाचे थेंब. दोन्ही हातांची बोटं आत वळली होती.

"आई," ती म्हणाली. "मले दम…"

एखाद्या दुसऱ्या बाईने आरडाओरडा केला असता. महिन्यापूर्वीच्या रत्नमालानेही केला असता, कांदा फोडून नाकाला लावला असता. पण ती बोटं तिने पाहिली होती. साकोलीच्या त्या खोलीत, खुर्चीवर, स्वतःच्या मांडीवर ती तशीच पडली होती. तिने डबा खाली ठेवला, दार लोटलं आणि लेकीच्या समोर बसून तिचे हात हातात घेतले. बर्फासारखे गार होते.

"ओठ बधिर झाले?"

खुशबूने मान हलवली.

"आता मरून जाईन असं वाटून राहिलं?"

खुशबूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने पुन्हा मान हलवली.

'काही नाही होत' हे शब्द रत्नमालाच्या जिभेवर आले होते. सगळ्यांच्या येतात. तिने ते गिळले.

"होऊन राहिलं आहे," ती म्हणाली. "मले मालूम आहे कसं होते ते. उतरते. मी इथंच आहे. श्वास सोड. घेऊ नको, पयले सोड. हळू. आणखी हळू."

बाहेर प्रफुल्लने हॉर्न दिला. कोणी उठलं नाही. बराच वेळ दोघी तशाच बसल्या. एकीचा श्वास दुसरीच्या श्वासामागून चालत राहिला आणि हळूहळू बोटं सैल झाली. खुशबूने ओढणीने तोंड पुसलं.

"कवापासून?" रत्नमालाने विचारलं.

"दिवाळीपासून. वॉर्डात जायचं म्हटलं की. कोणी रागावत पण नाही आई. सलाइन लावाले हात पुढं केला का हात माझा राहतच नाही. सिस्टर म्हणे, नर्सलेच भेव लागलं तं पेशंटनं कोणाकडं पाहावं?"

"सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? विहारात हार घातले सगळ्यायनं."

त्या हारांचा फोटो रत्नमालानेच मोठा करून आणला होता.

"तुझे कागद मी पहिल्याच दिवशी वाचले," खुशबू खाली बघत म्हणाली. "हार्टचं नाही म्हणून लिहिलंच होतं. मी बोलली नाही. तू झोपली होती, म्हटलं झोपू द्यावं. आन…" ती थांबली. "आन तुझ्या नावावर मलेबी घरी राहाले भेटून राहिलं होतं."

पोरीच्या शांतपणाचा अर्थ आता रत्नमालाला कळला. पंधरा दिवस तिने त्याला माया समजून उरात जपलं होतं. मायाही होतीच त्यात. पण पोर आईच्या खाटेखाली लपली होती, आणि आईने तीच खाट काढून घेतली होती. रत्नमालाला स्वतःचा राग आला, मग पोरीचा आला, मग दोन्ही इतके थकलेले निघाले की तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठली.

"चल."

"नागपूरले?"

"ते मंग पाहू."

तिने साडी बदलली, फळीवरचे कागद घेतले आणि खुशबूबरोबर बाहेर आली. पार्वताबाई ओट्यावर होत्या. "निघाली का आमची नर्सबाई," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि नातीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. प्रफुल्लने बॅग वर टाकली. रत्नमाला लेकीबरोबर मागच्या सीटवर चढलेली पाहून त्याने विचारलं,

"तू कुठं?"

"दवाखान्यात."

"कायले? तुले तं काही झालं नाही म्हने."

"झालं आहे," रत्नमाला म्हणाली.

प्रफुल्ल तिच्याकडे बघत राहिला. हे वाक्य बायकोच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं, दुखण्यातही नाही, बाळंतपणातही नाही. मग तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

एकोडीच्या बाहेर पडेपर्यंत तो आरशात दोनदा बघून झाला होता. मागे खुशबूने डोळे मिटले होते आणि रत्नमाला तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत होती. फाट्यावर चार माणसं उभी होती. त्यांनी हात केला. प्रफुल्ल जीप हळू करतो, करतो, असं वाटलं, आणि ती तशीच पुढे गेली. सकाळची पहिली फेरी त्याने रिकामी नेली असं कधी घडलं नव्हतं. पुढच्या थांब्यावरही तो थांबला नाही. आरशात मात्र बघत राहिला.

साकोलीला दवाखान्याच्या फाटकापाशी जीप उभी राहिली.

"स्टँडवर माझा नंबर आहे," तो म्हणाला.

"जा तुमी."

पण तो उतरला आणि किल्ली खिशात घालून त्यांच्या मागे चालू लागला.

सोमवार असल्यामुळे चिठ्ठीच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. बीपी-साखरेच्या गोळ्या याच दिवशी मिळत, त्यामुळे अर्धं एकोडी तिथेच होतं. रांगेत पाठीमागे वासुदेवरावही पिशवी घेऊन उभे होते. रत्नमालाला पाहताच त्यांनी लांबूनच आवाज दिला.

"काय वं, पुन्हा कळ आली का? अरे, सोडा तिले पुढं. अटॅकची पेशंट हाय ते."

रांग आदराने बाजूला झाली. तिला खिडकीपर्यंत वाट मिळाली. ती वाट घ्यायची का न घ्यायची हे ठरवेपर्यंत ती खिडकीशी पोचलीही होती. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं,

"पेशंट कोण?"

"दोघी. दोन चिठ्ठ्या काढा."

"पहिलीचं नाव?"

"रत्नमाला प्रफुल्ल रामटेके. वय त्रेचाळीस."

"त्रास काय?"

सगळी रांग ऐकत होती. वासुदेवराव तर एक पाऊल पुढे आले होते. रत्नमालाने खिडकीची कड धरली. छातीत पुन्हा ते पोतं हलल्यासारखं झालं. तिने आधी श्वास सोडला, सगळा, आणि मग बोलली.

"भेव वाटते. अटॅक येते त्याचा. हार्टचा नाही, भेवाचा."

मागे कोणीतरी खोकलं. वासुदेवरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आतला माणूस लिहीत राहिला, त्याला हे काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"दुसरीचं नाव?"

"खुशबू प्रफुल्ल रामटेके. एकोणीस."

"तिला काय त्रास?"

खुशबूचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. रत्नमाला तिच्या वतीने तोंड उघडणार होती. तेवढ्यात दोघींच्या मधून एक हात पुढे आला, खिडकीच्या कडेवर टेकला, आणि प्रफुल्ल वाकून, आतल्या माणसाला आणि मागच्या रांगेलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"तेच. वरचंच लिहा."